हात न लावायचा तळ

कडुबाभाऊ पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आले तेव्हा मी त्यांना पाण्याच्या फिल्टरचा माणूस समजले. सकाळपासून मी त्या माणसाची वाट बघत होते आणि हे दारात उभे. खांद्याला रेक्झिनची पिशवी, पायात प्लास्टिकची चप्पल, शर्टाच्या बाहीवर ग्रीसचा डाग. मी मान वर न करता मागच्या खोलीकडे बोट केलं. ते मुकाट्यानं आत गेले, फिल्टर उघडून बघून आले आणि म्हणाले की वॉशर गेलाय, पण आपण त्यासाठी आलेलो नाही.

मग खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी खिशातला मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. पडद्यावर कुठल्याशा बेटाजवळचं पाणी होतं. इतकं नितळ, की होडीची सावली थेट खालच्या वाळूवर पडलेली दिसत होती.

“हितं बुडी मारता येती म्हणत्यात,” ते म्हणाले. “लक्षद्वीप म्हणं, आपल्याच देशात हाय. मला जायाचंय.”

बावीस वर्षं मी सिडकोत हे ट्रॅव्हल ऑफिस चालवते. आधी ते वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांवर चाललं, मग चारधामवर, आणि आता कशावर चालतं ते मलाही नीट सांगता येणार नाही. लोक येतात, तासभर बसून सगळा प्लॅन काढून घेतात, चहा पितात आणि घरी जाऊन मोबाईलवर तिकिटं काढतात. विमान चुकलं की फोन मात्र मला. त्या जुलैत मी या सगळ्याला पार विटले होते. लक्षद्वीपचं नाव काढणाऱ्या या माणसाला बसवून घ्यायची मला अजिबात इच्छा नव्हती.

म्हणून मी अडचणी सांगायला लागले. तिथं जायला परवाना लागतो. त्याआधी पोलिसांचा दाखला लागतो. इथून मुंबई, मुंबईहून कोची, कोचीहून छोटं विमान नाहीतर जहाज, आणि दोन्हीत जागा मिळता मिळत नाही. पावसाळ्यात तिथला समुद्र बंद असतो. जेवायला भाकरी मिळणार नाही. प्रत्येक अडचणीनंतर ते एवढंच विचारायचे, की बरं, मग पहिलं काय करायचं? पैशाचं विचारलं तर म्हणाले, ते मी बघितलंय, त्याचं तुम्ही काढू नका.

शेवटी मी वैतागून विचारलं, पोहता तरी येतं का? तेव्हा ते हसले. पुढच्या नऊ महिन्यांत मी त्यांना फार वेळा हसताना पाहिलं नाही, म्हणून ते हसणं लक्षात राहिलंय.

कडुबाभाऊ मूळचे पाचोडकडचे. तीस वर्षांपासून चिकलठाण्यात दोन खोल्यांत राहतात आणि जालना रोडवरच्या एका दुकानात पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळून, देतात. पण त्यांना लोक ओळखतात ते वेगळ्या कामामुळे. विहिरीत पाण्यातली मोटार तुटून पडली की ती काढायला त्यांना बोलावतात. आणि विहिरीत माणूस पडलं की त्यालाही काढायला त्यांनाच बोलावतात.

मोटारीची मजुरी ते घेतात. माणसाची घेत नाहीत. त्या घरचा चहासुद्धा घेत नाहीत. आणखी एक गोष्ट त्यांनी स्वतःशी ठरवून टाकली आहे. विहिरीच्या तळातून वस्तू काढायला गळ असतो, म्हणजे दोराला बांधलेला चार तोंडांचा लोखंडी आकडा. तो तळावरून ओढत न्यायचा, अडकेल ते वर येतं. बादलीला ठीक आहे, मोटारीला ठीक आहे. माणसाला गळ लावायचा नाही. माणसासाठी माणसानंच उतरायचं.

खोल विहिरीत खाली उजेड पोचत नाही. गाळ उठला की डोळे उघडे ठेवण्यात अर्थ नसतो, उलट दुसऱ्या दिवशी ते सुजतात. त्यामुळे ते डोळे मिटून, दम कोंडून खाली जायचे आणि तळव्यांनी चाचपत कडेकडेनं फिरायचे. तीन तालुक्यांतल्या विहिरींचे तळ त्यांच्या हातांना पाठ होते. कुठं कपार आहे, कुठं जुना पाइप पडलाय, कुठं दगडी पायरी निखळलीय, सगळं. पण त्यातला एकही तळ त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

हे सगळं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं असं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी एकच गोष्ट सांगितली, तीही मी तीनदा विचारल्यावर. की बाबा, या वयात हे कशासाठी?

“मला एक तळ बघायचाय ताई,” ते म्हणाले. “जिथं कायबी शोधायचं नसंल.”

ते गेले. मग चिडूनच एक नवी फाइल काढली आणि तिच्यावर त्यांचं नाव लिहिलं. चिडले अशासाठी, की आता हे काम मला टाळता येणार नव्हतं.

भूगोलाच्या पुस्तकात कंकणद्वीप नावाचा एक शब्द होता. प्रवाळाचं गोल कडं, आत उथळ पाणी, बाहेर खोल समुद्र. परीक्षेपुरता पाठ केलेला तो शब्द मी पस्तीस वर्षांनी पुन्हा वाचला. कुठल्या बेटावर राहायची सोय आहे, कुठं बुड्या मारायला शिकवतात, कुणाकडे परवान्याचं काम होतं, यात माझे दोन आठवडे गेले. फोन उचलत नसत, उचलला तर भाषा कळत नसे. त्यात मला पोहता येत नाही. नळाखालची बादली सोडली तर पाण्याशी माझा संबंध नाही.

मदतीला धावला तो आमच्याच कॉलनीतला शंतनू. चौतीस वर्षांचा माणूस, इंजिनिअरिंगची नोकरी सोडून त्या बेटांवर लोकांना बुडी मारायला शिकवतो. त्याची आई दमयंतीबाई अजूनही तो नोकरीच्या शोधात आहे असं लोकांना सांगते. पावसाळ्यात तिकडचं काम बंद असतं म्हणून तो घरी होता. तो म्हणाला की आधी इथल्या तलावात, बारा फूट पाण्यात, बघू या यांना जमतंय का. एका पोहण्याच्या तलावाच्या व्यवस्थापकाला गाठून आम्ही ऑगस्टमधली एक दुपार मिळवली.

कडुबाभाऊंच्या पत्नी रत्नमालाबाई सोबत आल्या होत्या. माझ्याशेजारी सिमेंटच्या बाकावर बसून त्यांनी पहिली पाच मिनिटं नवऱ्याला नावं ठेवली. म्हाताऱ्याला डोहाळे लागलेत, लोक काशीला जातात आणि हे निघाले मासे बघायला. मग आवाज खाली आणून त्या मला म्हणाल्या की माणूस काढून आले की हे दोन-दोन दिवस चमच्यानं जेवतात. हात चुन्यानं धुतात, राखेनं धुतात, तरी त्या हातानं घास तोंडात घालत नाहीत. झोपताना दोन्ही हात काखेत दाबून झोपतात. बायकोला हे बोलायला कुणी मिळालेलं नव्हतं, तीस वर्षांत, असं मला तेव्हा वाटलं.

तिकडे शंतनूनं नियम समजावले. तोंडात नळी आहे, तिच्यातून श्वास घेत राहायचा, एक क्षणही कोंडायचा नाही. डोळ्यांवर काच आहे, डोळे उघडे ठेवायचे. एकट्यानं कुठं जायचं नाही. आणि तळाशी कशालाही हात लावायचा नाही. प्रवाळ जिवंत असतं, हात लागला की मरतं, शिवाय काय डसेल सांगता येत नाही.

या शेवटच्या नियमापाशी कडुबाभाऊ अडले. हात लावायचा नाही म्हणजे अजिबातच नाही का, असं त्यांनी दोनदा विचारलं. अजिबात नाही, शंतनू म्हणाला.

पहिल्यांदा ते खाली गेले आणि तळाशी मांडी घालून बसले. पाणी स्वच्छ होतं, मला वरून दिसत होतं. नळीतून एकही बुडबुडा निघेना. अर्धं मिनिट, एक मिनिट, दीड मिनिट. शंतनूनं घाबरून त्यांना काखेत धरून वर आणलं. ते शांत होते. म्हणाले, अजून बराच दम शिल्लक होता की.

दुसऱ्यांदा बुडबुडे आले, पण डोळे मिटलेले. आणि थोड्या वेळानं त्यांचे हात सुटले. दोन्ही तळवे फरशीवर टेकवून ते भिंतीच्या कडेनं सरकायला लागले. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, मग थोडं आत, मग पुन्हा. निळ्या फरशीवर काही नव्हतं. रत्नमालाबाईंनी तोंड दुसरीकडे फिरवलं. बघा, झालं सुरू, एवढंच त्या म्हणाल्या.

तिसऱ्यांदा मात्र त्यांनी डोळे उघडले. हात छातीशी धरले, आजूबाजूला पाहिलं, वर आमच्याकडे पाहिलं. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात ते धडपडत वर आले, काठाला धरून ओकले आणि त्यांना उभं राहता येईना. शंतनूनं त्यांना आडवं केलं आणि त्यांच्या डाव्या कानातून मेणात भिजवलेला, सैल पडलेला कापसाचा बोळा काढला. हे काय, त्यानं विचारलं.

ऐन तिशीत सत्तर फुटी विहिरीत त्यांच्या कानाचा पडदा फाटला होता. तेव्हापासून उतरताना ते कानात मेणाचा बोळा घालायचे आणि काम भागायचं. शंतनूचं म्हणणं असं, की समुद्रात हाच बोळा दाबानं आत घुसेल, गार पाणी आत गेलं की चक्कर येईल, आणि पाण्याखाली ओकारी आली तर माणूस संपतो. विहिरीत ज्या ज्या गोष्टींनी त्यांना इतकी वर्षं जगवलं, त्यातली एकही तिथं चालणार नव्हती. या कानानं मी यांना नेणार नाही, असं त्यानं स्पष्ट सांगितलं.

चार दिवसांनी कडुबाभाऊ रत्नमालाबाईंना घेऊन ऑफिसात आले. डॉक्टरी तपासणीचा फॉर्म माझ्या टेबलावर होता. कानाचा काही आजार आहे का, या प्रश्नासमोर हो आणि नाही असे दोन चौकोन होते.

“नाय म्हणून लिवा,” ते म्हणाले. “दुसऱ्या कोन्या शिकवणाऱ्याकडं जाऊ.”

मी काही सत्यवादी नाही. या धंद्यात मी गुडघे गेलेल्या आजीबाईंना ठणठणीत लिहून केदारनाथला पाठवलं आहे. पण त्या दिवशी पेन चौकोनापाशी नेलं आणि पुढं जाईना. मला त्यांच्या मरणाची भीती वाटली, दुसरं काही नाही. मी फॉर्म फाइलमध्ये घातला आणि दोघांना सरळ करुणाकडे घेऊन गेले. करुणा माझी वर्गमैत्रीण, कानाची डॉक्टर. दुपारी चार वाजता डबा खात होती. घास खाली ठेवून तिनं कान तपासला.

भोक मोठं आहे, ती म्हणाली, पण ऑपरेशन करून पडदा बसवता येईल. मग सहा महिने डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. मार्चमध्ये बघीन. नीट भरलं असेल आणि दाब सहन होत असेल तरच सही करीन, तीसुद्धा उथळ पाण्यापुरती. आणि मध्ये एकदा जरी विहिरीत उतरलात तरी परत माझ्याकडे येऊ नका.

सहा महिने विहीर नाही. कडुबाभाऊ भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघत बसले. निर्णय रत्नमालाबाईंनी दिला.

“करून टाका,” त्या म्हणाल्या. “सा म्हैने तरी हातानं जेवतील.”

सप्टेंबरमध्ये ऑपरेशन झालं. त्यानंतर जे फोन यायचे त्यांना कडुबाभाऊ फारूखचा नंबर द्यायचे. फारूख पैठणचा, धरणावर मासे धरणारा, चाळिशीचा, दमाचा माणूस. मी माझ्या बाजूनं कागद जमवत होते. पोलिसांचा दाखला झाला, फोटो झाले, परवान्याचा अर्ज गेला, एप्रिलची दोघांची तिकिटं निघाली. रत्नमालाबाई बुडी मारणार नव्हत्या, पण नवऱ्याला एकट्याला समुद्राकडे सोडणारही नव्हत्या. मी सवयीनं सगळ्यात चांगली बुडी शेवटच्या सकाळी ठेवली होती, जसं पाहुण्यांना कैलास लेणं शेवटी दाखवतो तसं. शंतनूनं ते सगळं खोडलं. बुडी मारल्यावर निदान एक दिवस विमानात बसता येत नाही, अंगातली हवा बिघडते. मी पुन्हा पहिल्यापासून मांडणी केली. दमायला व्हायचं, पण दर वेळी ती फाइल उघडताना बरं वाटायचं, हेही खरं.

जानेवारीत मी त्यांना कान दाखवायला माझ्या गाडीतून नेत होते, तेव्हा पाचोडकडून फोन आला. विहिरीत मुलगी होती. एकोणीस-वीस वर्षांची. सकाळी पाय घसरला म्हणे. फारूख तीनदा उतरून आला, हाताला काही लागत नाही, आता लोक गळ मागवतायत. कडुबाभाऊंनी फोन खिशात ठेवला आणि मला गाडी वळवायला सांगितली. मी वळवली, पण त्यांना पोचवायला नाही. त्यांना अडवायला सोबत कुणीतरी हवं होतं म्हणून.

विहिरीभोवती शंभरेक माणसं होती. दोघं जण गळाला दोर बांधत होते. गळ बाजूला ठेवा, एवढं बोलून कडुबाभाऊ सरळ काठाकडे गेले आणि चपला काढल्या. मी धावत जाऊन मागून त्यांचा शर्ट धरला. भर गर्दीत, परक्या गावात, एका माणसाचा शर्ट मुठीत धरून मी उभी होते.

“सोडा ताई,” ते मागं न बघता म्हणाले. “नाय उतरत.”

थोड्या वेळानं त्यांनी चपला पुन्हा घातल्या. फारूख ओल्या अंगानं काठाशी बसला होता, ओठ काळेनिळे पडलेले. “मामू, हाथ कू कुच नै लग रा,” तो म्हणाला. कडुबाभाऊ त्याच्याशेजारी बसले. या विहिरीत ते मोटारीसाठी दोनदा उतरले होते. त्यांनी डोळे मिटले, आणि बोलताना त्यांचे हात गुडघ्यांवर हवेतल्या हवेत फिरायला लागले.

“उत्तरंच्या अंगाला पायरी तुटल्याली हाय. तिच्याखाली दोन पुरुस खोल जा. आडवी कपार लागंल, जुना पाइप हाय तिथं. हळू जा. आधी केस लागतील हाताला. केसाला वढू नको.”

मुलीची आई समोरच होती, आठ-दहा हातांवर. दोन बायकांनी तिला धरून ठेवलं होतं. रडून तिचा आवाज गेला होता. ती फक्त पाण्याकडे बघत होती आणि कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत होती. कडुबाभाऊ डोळे उघडायचे की समोर ती. पुन्हा मिटायचे. पुन्हा उघडायचे, पुन्हा ती. तिथून उठून दुसरीकडे बसावं हे त्यांना सुचलं नाही की जमलं नाही, मला माहीत नाही.

त्यानंतरच्या दुसऱ्याच बुडीत फारूखला मुलगी सापडली. त्यानं तिला हातांवर वर आणलं. अंगावर एक ओरखडा नव्हता.

परत येताना आडूळ गाव मागं पडलं. तेव्हा कडुबाभाऊ काचेबाहेर बघत म्हणाले, “खाली बरं असतंय ताई. खाली कोन दिसत नाय. इतकी वर्सं मी म्हणायचो, वरच्यांचं बरं, नुसतं उभं ऱ्हायाचं. वर उभं ऱ्हायाला आज पयल्यांदा लागलं.”

 मी गाडी चालवत राहिले. त्या संध्याकाळी मी रत्नमालाबाईंना फोन करून विचारलं, जेवले का? जेवले, त्या म्हणाल्या. चमच्यानं. पाण्याला शिवले नव्हते तरी.

त्यानंतर महिनाभर ते ऑफिसकडे फिरकले नाहीत. फोन केला की बघू म्हणायचे. मी धंद्यात शेकड्यांनी रद्द झालेल्या सहली पाहिल्यात, गिऱ्हाईक बघू म्हणालं की काय समजायचं ते मला कळतं. आणि मला वाईट वाटलं, अगदी स्वतःचं काही हातचं गेल्यासारखं. या एका माणसाला तो तळ दिसावा, एवढीच त्या वर्षातली माझी इच्छा उरली होती.

मार्चच्या मध्यात ते आले. स्वतःच करुणाकडे जाऊन आले होते. तिनं बऱ्याच अटी घालून सही केली होती. पंचवीस फुटांच्या खाली नाही, दुखलं की लगेच वर. सहीचा कागद माझ्यापुढं ठेवून ते म्हणाले की शंतनूला एकदा फोन लावा, एक विचारायचंय. मी लावला. त्यांनी विचारलं, तिथं कशाला हात लावायचा नाही हे नक्की ना? नक्की, शंतनू म्हणाला. बरं, म्हणाले, आणि फोन मला परत दिला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते दोघं गेले. मी इथंच होते, एका लग्नाच्या वऱ्हाडाची बस ठरवत. चौथ्या दिवशी शंतनूचा फोन आला. पहिल्या बुडीत सगळं नीट झालं, तो म्हणाला. श्वास नीट, कान नीट, डोळे उघडे. पाणी इतकं स्वच्छ, की लांबवरचे मासे दिसत होते. पण दहाव्या मिनिटाला कडुबाभाऊंनी वर चल म्हणून खूण केली. होडीत विचारलं तर म्हणाले, काय शोधायचंच नाय तर खाली थांबायचं कशाला, ते कळंना.

हे ऐकून मी कपाळाला हात लावला. नऊ महिने, एक ऑपरेशन, फाइलभर कागद, आणि दहा मिनिटं.

पण दुसऱ्या दिवशी, शंतनू पुढं सांगत होता, त्यांनी आपणहून पुन्हा जायचं म्हटलं होतं. या वेळी वाळूच्या मोकळ्या पट्ट्यावर ते गुडघ्यांवर बसले. दोन्ही हात काखेत घातले आणि बसून राहिले. मासे तोंडाजवळून जात होते, ते नुसते बघत होते. शंतनू म्हणाला, पंचवीस मिनिटं झाली, बुडबुडे इतके सावकाश यायला लागले की मी घाबरून त्यांच्या काचेसमोर गेलो. डोळे मिटत आले होते. मी त्यांना हलवून वर आणलं. काय होतंय विचारलं तर म्हणाले, काय नाय, झोप लागत व्हती.

महिनाअखेरीला कडुबाभाऊ ऑफिसात आले ते हातात वॉशर घेऊनच. जुलैपासून गळत असलेला माझा फिल्टर त्यांनी दहा मिनिटांत दुरुस्त केला. मग खुर्चीवर, या वेळी नीट पाठ टेकवून, बसले. पाहिला का तळ, मी विचारलं. पाहिला, म्हणाले. पांढरी वाळू होती. तिच्यावर काहीसुद्धा नव्हतं. रत्नमालाबाईंनी मला आधीच कळवलं होतं, की तिथं पाचही दिवस हे हातानं जेवले, भात आणि मासे, आणि दुपारीसुद्धा झोपले.

आम्ही चहा पीत होतो आणि त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो डाव्या कानाला लावला. करमाडच्या अलीकडे शेततळ्यात कुणी पडलं होतं. फारूख निघालाय, ते समोरच्याला म्हणाले, गळ आणू नका, मी पण येतोय.

मी कप आपटला. कान शिवताना तुम्हाला करुणानं काय सांगितलं होतं, पुन्हा फाटला तर कोण बघणार, असं मी बरंच बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पिशवी टेबलावर ठेवून तिची चेन उघडली. तिच्यात नेहमी चड्डी आणि टॉवेल असायचा, मला माहीत होतं. आता पाण्याच्या तीन बाटल्या होत्या आणि ग्लुकोज बिस्किटांचे पुडे.

“उतरत नाय ताई, वर थांबतो,” ते म्हणाले. “वरच्यांना कोन पानी इचारत नाय. त्या माऊलीनं दिसभर पान्याकडं बघितलं, घोटभर कुनी दिलं नाय. मी बी नाय दिलं.”

त्या विहिरीवर गेलो होतो त्या दिवशी माझ्या गाडीत दोन भरलेल्या बाटल्या होत्या. मागच्या सीटवर. मी पूर्ण वेळ त्यांचा शर्ट सांभाळत होते.

मी कपाटातून एक रिकामी बाटली काढून फिल्टरखाली धरली. ती भरेपर्यंत ते पिशवी उघडी धरून उभे राहिले. त्यांनी ती पिशवीत ठेवली, चेन लावली आणि जिना उतरून गेले.